बाग आणि कुंपणाचं काम देताना या चुका टाळा

कुंपणाचा खांब किती खोल गेला, लॉनखाली माती किती इंच पडली, रोपाच्या मुळाभोवतीची पिशवी काढली की तशीच गाडली, यातलं काहीही काम संपल्यावर दिसत नाही. ठाणे आणि नवी मुंबईत बंगल्याच्या, रो-हाउसच्या किंवा सोसायटीच्या बागेचं काम बिघडतं ते बहुतेक इथेच, जमिनीखाली. ते कळतं मात्र पुढच्या पावसाळ्यात, कॉन्ट्रॅक्टरचे पैसे चुकते झाल्यावर. म्हणून प्रत्येक टप्पा झाकला जाण्याआधी स्वतः बघा, टेपने मोजा, फोटो काढा आणि मगच पुढचा हप्ता द्या. हे एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं टळतात.

कोटेशन एका ओळीत घेऊ नका

‘लॉन, झाडं व कुंपण, मटेरियलसह, एकूण रक्कम अमुक’ असं कोटेशन म्हणजे पुढच्या वादाला आमंत्रण. बागेचं काम घेणारा माळी कुंपण सहसा स्वतः करत नाही, ते तो फॅब्रिकेटरला, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्याला देतो. उद्या खांब हलला की माळी फॅब्रिकेटरकडे बोट दाखवतो आणि फॅब्रिकेटर म्हणतो, खड्डे माळ्याच्या माणसांनी भरले. खड्डे कोण खणणार, काँक्रीट कोण भरणार, दुरुस्ती कोण करणार, हे त्या कागदावरच लिहून घ्या.

दर कशाचा आहे तेही स्पष्ट हवं. कुंपणाचा दर कुणी रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर सांगतो, कुणी चौरस फुटावर. 100 फूट लांब आणि 6 फूट उंच कुंपण म्हणजे 600 चौरस फूट, त्यामुळे दोन कोटेशनं शेजारी ठेवताना आधी एकक सारखं करा. फाटक, कोपऱ्याचे टेके, रंग, जुनं कुंपण काढणं आणि राडारोडा उचलणं दरात आहे की वेगळं, हेही विचारा. लॉनमध्ये आणखी एक घोळ असतो. कार्पेट म्हणजे तयार गवताचे तुकडे. टोचणी म्हणजे तीन-चार इंचांवर लावलेली मुळं, ज्यांना जमीन झाकायला दोन-तीन महिने लागतात. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे, तेव्हा कोटेशनमध्ये नुसतं ‘लॉन’ लिहून चालत नाही.

मातीचा हिशेब ब्रासमध्ये करा

इथली जमीन बागेसाठी तयार नसते. नवी मुंबईत खाडीलगतच्या नोड्समध्ये, म्हणजे उपनगरांत, खाली खारी चिकणमाती आणि वर मुरमाचा भराव आहे, बांधकाम झालेल्या प्लॉटवर तर रॅबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडाही पुरलेला असतो. ठाण्यात डोंगराच्या बाजूला चार इंचांखाली मुरूम लागतो. त्यावर दोन इंच लाल माती पसरून लॉन टाकलं की पहिले दोन महिने ते हिरवंगार दिसतं आणि मार्चमध्ये वाळतं, कारण मुळांना खाली जायला जागाच नसते.

लॉनला किमान सहा इंच माती हवी. 1,000 चौरस फुटांवर सहा इंच म्हणजे 500 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे पाच ब्रास झाले. पाणी मारल्यावर माती बसते, म्हणून सहा ब्रास धरा. माती ‘गाडीने’ मोजू देऊ नका, कारण प्रत्येक टेम्पोचा हौदा वेगळा असतो. हौद्याची लांबी, रुंदी आणि मातीची उंची फुटात मोजून गुणाकार करा. 7 बाय 5 फुटांच्या हौद्यात एक फूट माती असेल तर ते 35 घनफूट झाले, म्हणजे एका ब्रासला जवळजवळ तीन खेपा. सहा ब्रासच्या पैशात सहा टेम्पो आले, तर लॉनखाली जेमतेम दोन-अडीच इंच माती पडेल.

नुसती लाल माती उन्हात विटेसारखी टणक होते. दोन भाग मातीला एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. शेणखत हातात घेतलं की भुसभुशीत लागलं पाहिजे आणि त्याला वास नसला पाहिजे. ओल्या, गरम शेणाने मुळं भाजतात आणि हुमणी येते.

शेतातून आलेल्या मातीबरोबर लव्हाळ्याचे, म्हणजे नागरमोथ्याचे, कंद येतात. लॉन लावल्यावर ते निघता निघत नाहीत. वर ओढलं तर पात तुटते आणि खालची गाठ पुन्हा फुटते. त्यावर इलाज लॉन लावण्याआधीचाच आहे. माती पसरून, लेव्हल करून रोज पाणी मारा आणि पंधरा-वीस दिवस थांबा. जे उगवेल ते कंदासकट खुरप्याने काढा, मगच गवत टाका. कॉन्ट्रॅक्टरला हे थांबणं आवडत नाही, कारण त्याची माणसं अडकतात. तरीही इथे घाई मान्य करू नका. पुढची कित्येक वर्षं खुरपणी करण्यापेक्षा हे वीस दिवस स्वस्त पडतात.

उतार विसरला जातो, तोही झाकण्याआधीच पाहायचा. दर 100 फुटांना एक फूट उतार घराकडून बाहेर, गटाराच्या दिशेने हवा. पाणी भरलेल्या लेव्हल ट्यूबने तो मोजता येतो. ठाण्यात जून ते सप्टेंबरात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. डोळ्याच्या अंदाजाने केलेली लेव्हल त्यात टिकत नाही.

कुंपण: गेज, अँगल आणि खड्डा

इथे थोडं तपशिलात जायला हवं, कारण खर्चाचा आणि फसवणुकीचा मोठा भाग इथेच असतो.

जाळीचं गेज म्हणजे तारेची जाडी, आणि आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. 8 गेज म्हणजे सुमारे 4 मिमी, 10 गेज म्हणजे 3.25 मिमी, 12 गेज म्हणजे 2.6 मिमी. कोटेशनमध्ये 10 आणि जागेवर 12 गेज, हे सर्रास होतं आणि नुसत्या डोळ्यांना कळत नाही. व्हर्नियर कॅलिपरने मोजा. पीव्हीसी आवरणाची हिरवी जाळी असेल तर एका टोकाचं आवरण सोलून आतली तार मोजा, कारण आवरणासकट जाडी सांगून बारीक तार खपवली जाते.

खांबांचंही तसंच. 50×50×6 मिमीचा अँगल, म्हणजे L आकाराचा लोखंडी खांब, मीटरला साडेचार किलो भरतो, 40×40×5 चा तीन किलो. 100 फूट सरळ कुंपणाला आठ-आठ फुटांवर खांब लावले तर चौदा खांब लागतात. सहा फूट वर आणि दोन फूट खाली, असा प्रत्येक खांब आठ फुटांचा. हलका अँगल लावला की कॉन्ट्रॅक्टरचं पन्नासएक किलो लोखंड वाचतं आणि तुमची जाळी वाऱ्याला डोलू लागते. माल आला की वजनपावती मागा आणि जाडी मोजा.

खड्डा एक फूट बाय एक फूट, दोन फूट खोल. त्यात 1:2:4 काँक्रीट, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग खडी. चौदा खड्ड्यांना साधारण पाच गोण्या सिमेंट लागतं. दोन गोण्यांत काम उरकलं असेल, तर एकतर खड्डे उथळ आहेत किंवा मालात सिमेंट कमी आहे. गोण्या मोजणं हा घरमालकाला जमणारा सगळ्यात सोपा तपास आहे. मुरमात किंवा खडकात पहार लागत नाही म्हणून मजूर एक फुटावर थांबतात. अशा वेळी ब्रेकरचे वेगळे पैसे मान्य करा, पण खोली कमी करू देऊ नका. खड्डे भरण्याआधी प्रत्येकात टेप घालून बघा.

काँक्रीटचा माथा जमिनीपासून दोन इंच वर आणि चारी बाजूंनी उतरता ठेवायला सांगा. खांब गंजतो तो नेमका माती आणि हवा भेटतात तिथे, साचलेल्या पाण्यात. ओळंबा लावून खांब सरळ करायचे, सात दिवस पाणी मारायचं आणि त्यानंतरच जाळी ताणायची. दुसऱ्याच दिवशी जाळी ताणली की कोपऱ्याचे खांब आत झुकतात. कोपऱ्याला दोन्ही दिशांनी तिरके टेके हवेत, लांब सरळ रेषेत दर आठ-दहा खांबांनी एक. जाळीतून वर, मध्ये आणि खाली ताणतारा गेल्या नाहीत, तर वर्षभरात तिला पोट येतं. फाटकाच्या खांबाला तीन फूट खोली आणि रुंद खड्डा द्या, नाहीतर पावसाळ्यात फाटक जमिनीला घासू लागतं.

ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत खाडीची खारी हवा आहे. तिथे काळ्या लोखंडावर नुसता रेड ऑक्साईड फार काळ टिकत नाही. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, खांब घ्या. त्यांनाही जिथे वेल्डिंग होतं तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. वेल्डवरचा मळ घासून झिंकयुक्त रंगाचे दोन हात द्या, आणि ओलसर हवेत रंग लावू देऊ नका.

येऊर किंवा घोडबंदर रोडच्या जंगलालगत साप आत येऊ नये अशी अपेक्षा असेल, तर दोन इंचांच्या जाळीचा उपयोग नाही. खालच्या दीड-दोन फुटांना अर्ध्या इंचाची बारीक जाळी लावा आणि ती सहा इंच जमिनीत गाडा. कुंपणात घरची वीज सोडण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला काम देऊ नका. त्याने माणसंही मरतात आणि प्राणीही, आणि तो गुन्हा आहे.

खणण्याआधी

हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, सिडकोच्या प्लॉटवर वाटपाच्या कागदांतला नकाशा तपासा. एक फूट चुकलेलं कुंपण हलवणं नव्याने घालण्याहून महाग पडतं. वीजवाहिनी, गॅसची पाइप, पाण्याची लाइन कुठून जाते ते महावितरण, महानगर गॅस किंवा सोसायटीच्या नकाशावरून चुन्याने आखून घ्या. त्या पट्ट्यात ब्रेकर न लावता हाताने खणायचं.

झाड तोडणं तर सोडाच, फांद्या छाटायच्या तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 1975 चा महाराष्ट्र झाडे संरक्षण कायदा खासगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे. ‘आम्ही बघून घेऊ’ या कॉन्ट्रॅक्टरच्या शब्दावर विसंबू नका, नोटीस जागेच्या मालकालाही येते. तसाच राडारोडा. तो रात्री खाडीकाठी कांदळवनात ओतला गेला तर तुम्हीही त्यात ओढले जाता. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कांदळवनाभोवतीचे 50 मीटरही संरक्षित आहेत. डेब्रिज कुठे जाणार ते करारात लिहा आणि पावती घ्या.

पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरची, बाग हे वेगळं काम आहे

ओली माती घनफुटाला पन्नास किलोच्या पुढे जाते. दीड फूट मातीचा अर्थ स्लॅबवर चौरस फुटाला पंचाहत्तर-ऐंशी किलो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही ब्रास वर चढवू नका. वॉटरप्रूफिंगवर किमान 48 तास पाणी साठवून खालच्या पार्किंगचं छत तपासा. मग ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारे प्लास्टिकचे जाळीदार तुकडे), त्यावर जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), त्यावर कोकोपीट मिसळलेली हलकी माती, असा क्रम ठेवा. गळती नंतर सापडली तर सगळी बाग उचलावी लागते.

कोणती झाडं, आणि कधी

कुंपणाचं काम ऑक्टोबर ते मे, लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर. आधी कुंपण, मग पाइपलाइन, मग माती, शेवटी लॉन. उलट केलं तर वेल्डिंगवाले नव्या लॉनवरूनच फिरतात. धो धो जुलैमध्ये नवं लॉन टाकू नका, माती वाहून जाते.

भिंतीजवळ वड, पिंपळ, उंबर, रबर नको. गुलमोहर आणि सोनमोहर वादळात मोडतात, त्यामुळे पार्किंगपाशी नकोत. कोनोकार्पस लवकर वाढतो म्हणून विकला जातो, पण त्याची मुळं पाइपमध्ये शिरतात. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. लहान जागेला बकुळ, सोनचाफा, कांचन, तामण चांगले. खाऱ्या जागेत भेंड, उंडी, करंज, कण्हेर, बोगनवेल तग धरतात. कुंपणालगत हिरवी भिंत हवी तर कामिनी दीड-दीड फुटावर लावा, काटेरी हवी तर करवंद.

रोपांच्या यादीत नुसती नावं आणि संख्या नको, उंची आणि पिशवीचा आकारही हवा. लावताना पिशवी कापून काढली की नाही ते समोर उभं राहून बघा. प्लास्टिकसकट गाडलेलं झाड दोन-तीन वर्षं खुरटतं आणि एखाद्या वाऱ्यात उपटून पडतं.

पैसे

सुरुवातीला 20-25 टक्के पुरे. पुढचे हप्ते टप्प्यांना बांधा: खड्डे मोजल्यावर, खांब बसल्यावर, माती मोजल्यावर, लागवड झाल्यावर. शेवटचे दहा टक्के तीन महिन्यांच्या देखभालीनंतर द्या. मेलेलं रोप त्याच आकाराचं बदलून मिळेल हे वाक्य करारात हवंच.

बिघाड दिसला तर

लॉन पिवळं पडलं की माळी लगेच युरिया टाकतो. आधी खुरप्याने सहा इंच खणून बघा. खाली चिखल असेल तर निचरा नाही, तेव्हा उतार सुधारा आणि वाळू-कंपोस्टचा पातळ थर द्या. कार्पेटचे तुकडे काळ्या मातीत वाढवलेले असतील तर तो चिकट थर पाणी अडवतो, बागेच्या दातेरी काट्याने भोकं पाडून त्यात वाळू भरा. खाली मुरूम लागला तर माती कमी पडली आहे, मोजमाप दाखवून कॉन्ट्रॅक्टरकडून भरून घ्या. दिवसाला पाच-सहा तास ऊन नसेल तर मेक्सिकन गवत किंवा हरळी तिथे टिकणारच नाही, सावलीत जमिनीवर पसरणारी दुसरी झुडपं लावा. सगळं ठीक असेल तरच युरिया, 1,000 चौरस फुटांना एक किलोपर्यंत, संध्याकाळी, आणि लगेच भरपूर पाणी.

पानांची टोकं जळतात आणि मातीवर पांढरा थर येतो, तेव्हा बोअरचं पाणी खारं असतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा, आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने भरपूर भिजवून क्षार खाली जाऊ द्या.

एखादा खांब हलत असेल तर भोवती वरून सिमेंट ओतून उपयोग नाही. जाळी सोडवा, जुना गठ्ठा बाहेर काढा, पूर्ण दोन फूट खणून नव्याने भरा आणि सात दिवस टेकू ठेवा. काढलेला गठ्ठा फूटभरच निघाला, तर त्याचा फोटो काढून उरलेले खांबही उकरायला लावा.