करडईवरील मावा आणि सिरफिड माशी : फवारणीपूर्वी ओळख पटवून घ्या

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात थंडी वाढते, मधूनच आभाळ येते आणि करडईच्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, दिसू लागतो. ज्वारीच्या पोंग्यात, मोहरीच्या फुलोऱ्यावर आणि कोबीच्या पानांमागेही याच सुमारास मावा वाढतो. त्याच्या पाठोपाठ शेतात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, हवेत एकाच जागी तरंगणाऱ्या माश्या येतात. कोणी त्यांना लहान गांधीलमाशी समजतो, कोणी फळमाशी, आणि त्यांची पिल्ले झाडावर दिसली की ‘अळी पडली’ म्हणून लगेच फवारणीचा पंप पाठीवर घेतला जातो. ही सिरफिड माशी असून तिच्या बहुतेक पट्टेदार जातींच्या अळ्या माव्यावरच वाढतात. एका परिचित शेतकऱ्याच्या करडईत फवारणीच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा शेंड्यांखालच्या पानांवर या अळ्या मरून पडलेल्या होत्या. दोन आठवड्यांनी त्याच झाडांवर मावा पुन्हा चढला आणि त्याला आवर घालणारे तेथे कोणी उरले नव्हते.

प्रथम ही माशीच आहे, याची खात्री करावी. मधमाशी आणि गांधीलमाशी यांना पंखांच्या दोन जोड्या असतात, तर सिरफिड माशीला एकच जोडी असते आणि पंखांमागे टाचणीच्या डोक्यासारखे दोन लहान संतुलक असतात. तिच्या मिशा आखूड, डोळे मोठे आणि कंबर जाड असते. तिला नांगी नसल्यामुळे ती हातावर बसली तरी भिण्याचे कारण नाही. फळमाशीच्या मादीच्या पोटाला टोकदार अंडनलिका असते आणि फळमाशी पंख पसरून चालत राहते. सिरफिड माशीच्या पोटाला असे टोक नसते. दहा पट मोठे दाखवणारे भिंग हाताशी असेल तर पंखाच्या मध्यभागी एक फिकट, दोन्ही टोकांना कोणत्याही शिरेला न जोडलेली रेघ दिसते. तिला खोटी शीर म्हणतात आणि सिरफिड कुळाची ही सर्वांत खात्रीची खूण आहे. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतील तर बहुधा नर, मध्ये पट्टी मोकळी असेल तर मादी समजावी.

जात ओळखताना सर्वप्रथम पोटाच्या पाठीकडील पट्टे पाहावेत. एपिसिर्फस बाल्टिएटस ही साधारण १० मिलिमीटर लांबीची नारिंगी माशी आहे. तिच्या पोटाच्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर रुंद काळ्या पट्ट्याच्या जोडीला आणखी एक बारीक काळा पट्टा असतो. हा दुहेरी पट्टा एकदा नीट पाहिला की ही जात पुन्हा चुकत नाही. मात्र कोष थंडीत वाढला तर माशी गडद निघते, त्यामुळे जानेवारीत रंगाच्या छटेवर न जाता पट्ट्यांची रचनाच पाहावी.

इस्किओडॉन स्क्युटेलारिस या जातीचे पोट काळे असते. त्यावर पुढे पिवळ्या ठिपक्यांची एक जोडी आणि तिच्या मागे वाकलेले पिवळे पट्टे असतात, तर छातीच्या दोन्ही कडांना ठळक पिवळी रेघ असते. नराच्या मागच्या पायाच्या मुळाशी भिंगातून एक लांब काटा दिसतो. तो दिसला की शंका उरत नाही. पॅरागस या लहानखुऱ्या, सुमारे ५ मिलिमीटरच्या माश्या सहज नजरेतून सुटतात. त्यांच्या डोळ्यांवर फिकट केसांचे उभे पट्टे असतात आणि पॅरागस सेर्राटस या जातीत पाठीवरच्या त्रिकोणी ढालीची मागची कड करवतीसारखी दातेरी असते.

कोथिंबिरीच्या फुलांवर याहून दणकट, ठिपकेदार डोळ्यांच्या एरिस्टॅलिनस माश्याही येतात. त्यांच्या पंखातील एक शीर मध्येच खाली झोळ पडल्यासारखी वाकलेली असते. त्यांच्या अळ्या घाण पाण्यात वाढतात आणि मावा खात नाहीत. परागीभवनासाठी या माश्या उपयोगी आहेत, पण त्यांची संख्या पाहून माव्याचा बंदोबस्त होईल असे गृहीत धरू नये. जात ओळखण्याचा खरा उपयोग येथेच होतो.

तरीही शेतकऱ्यासाठी माशीपेक्षा अळीची ओळख अधिक महत्त्वाची आहे, कारण मावा खाते ती अळीच. मादी माव्याच्या गर्दीतच पांढरे, लांबट, सुमारे १ मिलिमीटरचे अंडे एकेकटे घालते. अळीला पाय नसतात, वेगळे डोकेही दिसत नाही. शरीर पुढे निमुळते आणि मागे जाड असते, रंग हिरवट किंवा मळकट पारदर्शक असतो. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळीही हिरवी असते, पण तिला डोके आणि पाय स्पष्ट असतात आणि हात लावताच ती वळवळत धाग्यावर लोंबकळते. सिरफिडची अळी डोळ्यांनी पाहू शकत नाही. ती तोंडाचे टोक डावी-उजवीकडे फिरवत चाचपडते, मावा लागला की त्याला टोचून वर उचलते आणि आतला रस शोषून रिकामी कातडी टाकून देते. पानावर अशा सुरकुतलेल्या कातड्या आणि शेजारी काळे तेलकट डाग दिसले, तर अळी आसपासच आहे असे समजावे.

निरीक्षण सकाळी ऊन पडल्यानंतर, माश्या फुलांवर असताना करावे. शेताच्या वेगवेगळ्या भागांतील झाडांचे शेंडे पाहावेत. बांधाकडील ओळींवर मावा आधी येत असल्याने तेथून सुरुवात करावी. जात ठरवायची असल्यास माशी पारदर्शक बाटलीत पकडून काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे ती सुस्त होते आणि मोबाइलवर वरून, बाजूने व समोरून स्पष्ट छायाचित्रे घेता येतात. अळीवरून जात ठरवणे अवघड असते. म्हणून अळी माव्यासह फांदीच्या तुकड्यावर बाटलीत ठेवून तोंडाला मलमलचे कापड बांधावे, मावा संपला की नवा घालावा आणि कोषातून माशी निघण्याची वाट पाहावी. कोष थेंबाच्या आकाराचा असतो. माशी निघाली असेल तर त्याच्या जाड टोकाचे झाकण उघडलेले दिसते. वेडेवाकडे भोक असेल तर सिरफिडवरच जगणारी डिप्लाझॉनसारखी परजीवी गांधीलमाशी तेथून निघालेली असते. असे कोष जास्त आढळले तर केवळ सिरफिडवर विसंबू नये.

माव्याच्या बहुतेक घोळक्यांत सिरफिडच्या अळ्या किंवा मावा खाणारे ढालकिडे दिसत असतील आणि शेंडे अजून वाकलेले नसतील, तर फवारणी थांबवून तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहणी करावी. मावा बांधाकडील ओळींपुरताच असेल तर तेवढ्याच ओळींवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. रासायनिक कीटकनाशक अपरिहार्य ठरल्यास लेबलवरील पीक व मात्रा पाहूनच घ्यावे आणि फुलोऱ्यात सकाळची फवारणी टाळून ती संध्याकाळी करावी. पिवळ्या चिकट सापळ्यांकडे या माश्याही ओढल्या जातात. सापळ्यावर त्या चिकटलेल्या दिसू लागल्या की सापळे काढून घ्यावेत. कडेने कोथिंबीर, मोहरी किंवा बडीशेपेची एक-दोन तासे पेरलेली असतील तर ती फुलावर असताना उपटू नयेत, कारण माशीला अंडी घालण्याआधी परागकण आणि मध तेथूनच मिळतो.