आकडा बरोबर, पण कशाचा? संशोधनात हटकून होणाऱ्या या चुका टाळा

सुरुवात फॉर्मॅलिनच्या बाटलीपासून करतो. माशांच्या अंगावरचे परजीवी घालवायला टाकीत तेच ओततात. मेलेल्या माशाचा कल्ला सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असेल, तर तो टिकवायलाही तेच लागतं. दोन वेगवेगळी माणसं एकच बाटली उघडतात आणि तिच्यावरच्या टक्केवारीचा अर्थ दोघंही आपापल्या सवयीने लावतात.

बाटलीत सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड असतं. बाकी पाणी, आणि बहुधा १० ते १५ टक्के मिथेनॉल. मत्स्यशेतीत मात्र बाटलीतलं हे द्रावण जसंच्या तसं शंभर टक्के फॉर्मॅलिन धरतात. तलावासाठी २५ पीपीएम (दहा लाख भागांत २५ भाग) मात्रा लिहिली असेल, तर हजार लिटर पाण्याला बाटलीतून २५ मिलिलिटर मोजायचे, विषय संपला. पण रसायनशास्त्र शिकून आलेला नवा विद्यार्थी इथे हमखास हुशारी करतो. ‘द्रावण ३७ टक्केच आहे ना, मग २५ भागिले ०.३७’ असं म्हणत तो ६८ मिलिलिटर ओततो. मात्रा झाली पावणेतीन पट. त्याचा भागाकार चुकलेला नाही. २५ हा आकडा फॉर्माल्डिहाइडचा नव्हताच, एवढंच.

त्यात भर अशी, की दर ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर फॉर्मॅलिनमागे पाण्यातला साधारण १ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन पुढच्या दीडएक दिवसात कमी होतो. म्हणजे योग्य मात्रेतही ५ मिलिग्रॅम गेलेच. पावणेतीन पट मात्रेत उरणार काय? दुसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकायला लागले की ‘औषध कडक लागलं’ असं नोंदवहीत येतं. आधी पाण्यात हवा सोडणारा एरेटर लावा, पाणी बदला, आणि मग मात्रेचा हिशेब तपासा.

बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती टाकीसाठी बाद. साधारण चार-पाच अंशांखाली ठेवलेल्या फॉर्मॅलिनमध्ये पॅराफॉर्माल्डिहाइड तयार होतं आणि ते माशांना फारच घातक असतं. वरचं निवळ तेवढं ओतून घेण्याची पळवाट शोधू नका.

नमुने टिकवणाऱ्यांची गोष्ट नेमकी उलटी. ‘१० टक्के फॉर्मॅलिन’ आणि ‘४ टक्के फॉर्माल्डिहाइड’ जवळपास एकच. या दोन नावांची सरमिसळ करून कुणी ‘४ टक्के फॉर्मॅलिन’ बनवलं, तर त्यात फॉर्माल्डिहाइड दीड टक्काच येतं. ऊतक आतून सडतं आणि बोल लागतो स्लाइड बनवणाऱ्याला.

अमोनिया १ आला. मग?

नुसत्या या आकड्यावरून काहीच कळत नाही. पाणी तपासायचं किट सहसा एकूण अमोनिया, मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये, मोजतं. माशाला जाळतो तो त्यातला आयनरूपात नसलेला भाग, आणि तो किती हे पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंशांना पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का, ८ ला पाच टक्क्यांच्या वर, ९ ला तब्बल ३६ टक्के. शैवाल भरपूर असलेल्या तळ्यात दुपारी पीएच चढतो. म्हणून सकाळी निर्धोक वाटलेला १ दुपारी जीवघेणा ठरू शकतो. रीडिंगच्या शेजारी वेळ, पीएच आणि तापमान नसेल, तर त्या नोंदीवरून कुठलाही निष्कर्ष काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एकक ‘नायट्रोजन म्हणून’ आहे की ‘अमोनिया म्हणून’, म्हणजे वजन फक्त नायट्रोजनचं धरलंय की पूर्ण रेणूचं, हेही बघा. अमोनियात फरक १.२ पटीचा असतो, तो एकवेळ खपून जातो. नायट्रेटमध्ये तो ४.४ पट आहे, तिथे प्रयोगाचा निकालच फिरतो. आणि फॉर्मॅलिन दिलेल्या टाकीत अमोनिया मोजण्याच्या नेसलर पद्धतीच्या रीडिंगवर विसंबू नका, दुसरी, सॅलिसिलेट पद्धत वापरा. तसंही नेसलरमध्ये पारा असतो. ते उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतून देणारे हात मी पाहिलेत.

ऑक्सिजन मीटरचंही तेच. खाऱ्या पाण्यात क्षारतेची सेटिंग शून्यावर राहिली तर मीटर खऱ्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त दाखवतो. मासे सुस्त आणि रीडिंग झकास असेल, तर आधी ही सेटिंग बघा.

रसायनाचे धोके आणि खबरदारी सांगणाऱ्या सेफ्टी डेटा शीटमध्ये १६ विभाग असतात. लोक धोक्यांचा दुसरा वाचतात आणि आठव्यात ‘हातमोजे घाला’ दिसलं की समाधान मानतात. कुठले हातमोजे? १९९६ साली कॅरन वेटरहान या रसायनशास्त्रज्ञांच्या लेटेक्स हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब सांडले. पुढच्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चाचणीत ते द्रव्य तसल्या हातमोज्यातून १५ सेकंदांच्या आत आरपार जातं असं दिसलं. तेव्हा मटेरियल, जाडी आणि द्रव आरपार जायला लागणारा वेळ, हे तिन्ही शोधा. ‘माहिती उपलब्ध नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावू नका.

ग्रंथालयात शोध कोरा आला तर

१९८९ पूर्वीचं रेनबो ट्राउटवर काहीच सापडत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मत्स्यविज्ञानाचा ग्रंथपाल हसतो. त्या वर्षापर्यंत हा मासा ‘साल्मो गायर्डनेरी’ होता, नंतर ‘ऑन्कोरिंकस मायकिस’ झाला. व्हॅनामाय कोळंबी १९९७ मध्ये ‘पीनियस’मधून ‘लिटोपीनियस’मध्ये गेली, आणि आता पुष्कळ जण पुन्हा ‘पीनियस’ लिहितात. पंगासियस या माशाला तर ‘सुची’ आणि ‘हायपोफ्थाल्मस’ अशी दोन्ही नावं लावून शोधावं लागतं. शोधायला बसण्यापूर्वी जुन्या नावांची यादी करा. अगदी जुने अहवाल अनेकदा डिजिटल झालेलेच नसतात, त्यासाठी कपाटाशी जावं लागतं.

त्याहून वाईट खोड म्हणजे दुसऱ्याच्या लेखातून आकडा उचलायचा आणि संदर्भ मूळ अहवालाचा द्यायचा. मूळ तक्त्यात ‘नायट्रोजन म्हणून’ असतं. समीक्षा लेखात ते गळतं आणि पुढचे सगळे तोच आकडा अमोनियाचा म्हणून वापरतात. एक तरी तक्ता स्वतः उघडून बघा.

आकाशाकडे बघणाऱ्यांचा घोळ वेळेचा. खगोलशास्त्रात दिवस सलग मोजतात, तो ज्युलियन दिवस दुपारी बाराला सुरू होतो, सुधारित ज्युलियन दिवस मध्यरात्री. पहिल्यावरून दुसरा काढताना वजा करायचे असतात २४०००००.५; शेवटचा अर्धा विसरला की सगळी निरीक्षणं बारा तासांनी सरकतात. दुर्बीण अचूक वळूनही तारा चौकटीत नसेल, तर ताऱ्याचं स्थान सांगणारे सहनिर्देशक १९५० सालचे आहेत की २००० सालचे ते तपासा. फरक ०.७ अंशापर्यंत जातो, पूर्णचंद्राच्या व्यासापेक्षा जास्त.

आणि पृथ्वी फिरते हे विसरू नका. प्रकाशाला सूर्य ते पृथ्वी हे अंतर कापायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, त्यामुळे ताऱ्याकडून येणारा संकेत आपण कक्षेत कुठे आहोत त्यानुसार लवकर किंवा उशिरा पोचतो. १९९१ मध्ये पीएसआर बी१८२९-१० या पल्सारभोवती (ठरावीक अंतराने रेडिओ संकेत देणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याभोवती) ग्रह सापडल्याचं जाहीर झालं. त्याचा कालावधी होता सहा महिने. पल्सारचं स्थान किंचित चुकीचं धरलं होतं आणि पृथ्वीच्या कक्षेची लंबवर्तुळाकृती हिशेबात नीट आली नव्हती. जो ‘ग्रह’ दिसला तो आपल्याच फिरण्याचा अवशेष होता. जानेवारी १९९२ मध्ये तो शोध जाहीर करणाऱ्या गटातल्या अँड्र्यू लाइन यांनी खगोलशास्त्रज्ञांच्या भर सभेत ही चूक सांगितली आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. कालावधी एक वर्ष, सहा महिने किंवा एक दिवस आला की आधी पृथ्वीवर संशय घ्यायचा. त्याच सभेत पीएसआर बी१२५७+१२ या दुसऱ्या पल्सारभोवतीचे दोन ग्रहही मांडले गेले. त्यांचे कालावधी सुमारे ६७ आणि ९८ दिवसांचे होते, आणि ते ग्रह टिकले.