एकच स्कीची जोडी घ्यायची तर कुठली? बडोदेकरांसाठी

बडोद्यात राहून स्की विकत घेतोस, पंखा पाचवर चालतो इथे, असं दांडिया बाजारातल्या काकू बोलल्याच. पण दरवर्षी आठवडाभर गुलमर्गला जात असाल आणि वळणं नीट जमतात पण उतार तीव्र दिसला की पोटात गोळा येतो अशा स्टेजला असाल, तर वाचा.

आधी बूट घ्या. स्की भाड्याची चालेल, पण बूट सैल असला की आत टाच उचलली जाते आणि मग स्की कितीही भारी असो, ऐकतच नाही. टाच भिंतीला लावून कागदावर उभं राहा, अंगठ्यापाशी खूण करा आणि मोजा, 26.5 सेमी आलं तर तोच तुमचा साइज.

आता रुंदी, इथे मीपण फसलो. अफरवटच्या (गुलमर्गच्या वरचं शिखर) पावडरचे, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाचे, व्हिडिओ बघून बघून कंबरेला 106 मिमी रुंद जोडी घेतली, आणि सकाळी कोंगडोरीच्या (गोंडोला म्हणजे रोपवेचं मधलं स्टेशन) उतारावर रात्रभर गोठून कडक झालेला बर्फ, स्कीची कड बर्फात रुतेचना, दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागले. स्कीवर 126-88-110 असे तीन आकडे असतात, टोक, कंबर, शेपटी, सगळं मिमीमध्ये, त्यातला मधला बघायचा. 75च्या आसपास म्हणजे कडक पिस्टसाठी (मशीनने दाबून सपाट केलेला उतार), 100च्या वर म्हणजे पावडरसाठी, एकच ठेवायची असेल तर 84 ते 92. गोंडोलाची दुसरी फेज 3900 मीटरच्या वर जाते, तिथे बर्फ मशीनने सपाट केलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका, त्या दिवशी गाइड घ्या आणि रुंद स्की भाड्याने.

लांबी हनुवटी ते कपाळ यांच्यामध्ये, वजन जास्त असेल तर थोडी मोठी. 170 सेमी, 70 किलोवाल्याला 163 ते 168 ठीक. वळणाची त्रिज्या (कडेवर झुकवल्यावर स्की किती मोठं वळण घेते ते) 14-16 मीटर, बास.

दुकानात एक गोष्ट नक्की करा. दोन्ही स्कीचे तळ एकमेकांना चिकटवून उजेडात धरा, मध्ये फट दिसली तर तो कॅंबर, कडक बर्फावर तुमच्या वजनाने तोच कड दाबून धरतो, आणि पुढची टोकं लवकर फाकत असतील तर रॉकर, त्याने मऊ बर्फात टोक वर राहतं आणि वळण सहज सुरू होतं. आपल्याला पायाखाली कॅंबर, पुढे रॉकर हवा.

बाइंडिंग (बूट स्कीला पकडून ठेवणारा भाग) बुटाच्या सोलला मॅच होणारंच, साधा अल्पाइन की ग्रिपवॉक (चालायला सोपा, गोलसर सोल) ते विचारा. डिनचा आकडा (किती जोर पडल्यावर बाइंडिंग उघडेल ते) वजन, उंची, वय, सोलची लांबी, स्किल बघून दुकानवाल्याकडूनच लावून घ्या, घरी स्क्रूड्रायव्हर नको, पडल्यावर बाइंडिंग उघडलं नाही तर गुडघा जातो.

घरी आल्यावर पुसून, वाळवून तळावर जाड वॅक्स लावा, कडांवरही येऊ दे, खरवडू नका, ते पुढच्या हिवाळ्यात. मी पहिल्या वर्षी ओली स्की बॅगेतच माळ्यावर टाकली होती, पावसाळ्यानंतर काढली तर दोन्ही कडा तांबूस आणि बॅगेला कुबट वास, गंज घासून निघाला, बॅग मात्र फेकली.