बायर्नमध्ये मुलं चौथीत असतील तर: रिआलशुलला नाक मुरडू नका

म्युनिककडे, म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्यात नवीन आलात आणि पोरगं तिसरी-चौथीत असेल तर हे आधी वाचा. इथे ग्रुंडशुल, म्हणजे प्राथमिक शाळा, चौथीपर्यंतच (बर्लिनला सहावीपर्यंत, राज्याराज्यात फरक आहे), आणि मेच्या सुरुवातीला जे सर्टिफिकेट मिळतं त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम (थेट युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रिआलशुल (दहावीपर्यंतची मधली शाळा), नाहीतर मिटेलशुल (जास्त करून कामधंद्याकडे नेणारी शाळा). हो, इथे १ म्हणजे टॉप आणि ६ म्हणजे बोंब.

गिम्नाझियुम हुकलं की मग आपल्या घरांत सुतकच, आजीला फोनवर काय सांगायचं वगैरे. अरे पण रिआलशुलमध्ये सातवीपासून मुलं टेक्निक-सायन्स, नाहीतर कॉमर्स-अकाउंटिंग असा गट घेतात, दहावीनंतर फॉसला जातात, म्हणजे फाखओबरशुल, अकरावीपासूनची शाळा, त्याला जर्मन-इंग्लिश-गणितात सरासरी ३.५ पर्यंत चालते, आणि अकरावीचं अर्धं वर्ष चक्क कंपनीत, वर्कशॉपमध्ये नाहीतर किंडरगार्टनमध्ये काम करून काढायचं असतं. बारावी झाली की हॉखशुलमध्ये (प्रॅक्टिकलवर भर देणारं कॉलेज) इंजिनिअरिंगला जाता येतं. तेरावी केली आणि सोबत दुसरी परकी भाषा असली तर कुठलीही युनिव्हर्सिटी, मेडिकलला पण अर्ज करता येतो.

मूल तेरा-चौदाचं असताना आलात तर गोष्ट वेगळी. जर्मन येत नसेल तर बहुतेक मिटेलशुलच्या डॉइचक्लासमध्येच (जर्मन शिकवणारा वर्ग) बसवतात, मूल हुशार असलं तरी. तिथे वाद घालण्यापेक्षा एम-त्सुग (मिटेलशुलमधलीच दहावीपर्यंतची तुकडी) बद्दल विचारा, त्यातून रिआलशुलच्या तोडीचंच दहावीचं सर्टिफिकेट मिळतं.

आणि ऑसबिल्डुंग (काम करत करत घ्यायचं प्रशिक्षण) म्हणजे आपलं आयटीआय असं समजून लगेच नाही म्हणू नका. कंपनीशी करार असतो, दर महिन्याला पैसे मिळतात, आठवड्यातले एक-दोन दिवस बेरुफ्सशुल (त्या कामाची शाळा), बाकी काम, साधारण तीन-साडेतीन वर्षं. बँकेतली, लॅबमधली, आयटीतली कामंसुद्धा लोक असंच शिकतात. पुढे माइस्टर (त्या कामातली वरची परीक्षा) झालं तर बॅचलरला पण प्रवेश मिळतो. फक्त शाळेतल्या प्राक्टिकुमसाठी (इंटर्नशिप) कंपनीला फोन मुलालाच करू द्या, आईबाबांनी केलेला इथे लोकांना आवडत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, फॉसचे अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच, सहामाहीच्या मार्कांवर भरायचे असतात. आपल्याकडे अकरावीची धावपळ निकालानंतर सुरू होते, त्या हिशेबाने बसलात तर वर्ष जाईल.