पीसी की पीएस ५? हिशेब मांडताना या चुका टाळा

दिवाळीचा बोनस हातात आला किंवा बारावीचा निकाल लागला की नाशिकमध्ये घरोघरी हा वाद रंगतो. पोराला गेम खेळायला पीसी हवा असतो, वडिलांना टीव्हीला जोडायचा पीएस ५, म्हणजे सोनीचा गेमिंग कन्सोल, स्वस्त वाटतो, आणि दोघंही एखादा व्हिडिओ पाहून निकाल देऊन मोकळे होतात. मामला पन्नास हजार ते लाखभर रुपयांचा आहे. इथे घाई केली की पुढची चार वर्षं चुटपुट लागते. खालच्या चुकांपैकी पहिल्या दोन सगळ्यांत महागात पडतात.

फक्त डब्याची किंमत धरणं

पीएस ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, तेव्हा डिस्क ड्राइव्हवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेच मॉडेल ५४,९९० रुपयांचं झालं. जुनं झालं की कन्सोल स्वस्त होतो, हा आधीच्या पिढीचा अनुभव इथे लागू पडला नाही. पीसीच्या भागांचे दर तर आठवड्यागणिक हलतात. म्हणून दोन्हींची कोटेशनं एकाच दिवशी घ्या, तीही कागदावर. तोंडी सांगितलेला दर हिशेबात धरू नका.

मग एका कागदावर दोन रकाने पाडा. कन्सोलच्या रकान्यात दुसरा कंट्रोलर, चार वर्षांचं ऑनलाइन सबस्क्रिप्शन आणि वर्षाला किती गेम घेणार ते लिहा. विकत घेतलेले गेम इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर प्लेस्टेशन प्लस लागतं. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमला लागत नाही. पीसीच्या रकान्यात मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, विंडोजचं लायसन्स आणि यूपीएस लिहा. कोटेशनमध्ये बहुतेक वेळा फक्त कॅबिनेटच्या आतलं सामान असतं, या चार वस्तू नंतर निघतात.

आता टीव्ही. ‘तो घरात आहेच’ म्हणून सगळे सोडून देतात. पण संध्याकाळी सात ते दहा त्यावर मालिका चालत असतील, तर तो तुमच्या खेळाच्या वेळेचा टीव्ही नाही. वेगळा स्क्रीन घ्यावाच लागेल, आणि त्याची किंमत कन्सोलच्या रकान्यात जायला हवी. उलट बाजूही तितकीच खरी आहे. इंजिनीअरिंगच्या अभ्यासासाठी घरात पीसी येणारच असेल, तर सगळा खर्च गेमिंगच्या नावावर टाकणं अन्याय आहे. साध्या पीसीपेक्षा जे वाढीव लागतं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, थोडा चांगला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि जास्तीची रॅम, तेवढंच मोजा. एवढं केलं की पुष्कळदा निकाल फिरतो.

गेमच्या खर्चातही असंच होतं. डिस्कवाला पीएस ५ घेतला तर गेम संपवून डिस्क विकता येते. डिजिटल एडिशन चार पैसे वाचवते, पण तिच्यात डिस्क ड्राइव्ह नसल्यामुळे ती वाट बंद राहते. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतलेला गेम विकता येत नाही, मात्र उन्हाळी आणि हिवाळी सेलपर्यंत थांबायची तयारी असेल तर पीसीवर गेमचा खर्च बराच खाली येतो. ज्याला थांबवत नाही त्याने सेलचा फायदा हिशेबात धरूच नये. आणि कोणता गेम खेळणार, हे आधी ठरवा. सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) कन्सोलवर नाहीच. फक्त तोच खेळणाऱ्याने पीएस ५ चा विचार सोडून द्यावा.

मशीन नीट न लावता ‘पीसी स्लो आहे’ म्हणणं

सिडकोतल्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण घ्या. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) मॉनिटर. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून सामान आणलं आणि रात्रीतून जोडलं. दुसऱ्या दिवशी मित्राच्या पीएस ५ शेजारी ठेवून जीटीए ५ लावला. तिकडे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, स्थिर, इकडे तिशीत अडखळत. पैसे वाया गेले असं सगळ्यांनी ठरवलं आणि आठवडाभरात कार्ड विकायलाही काढलं.

खरी खूण डोळ्यांसमोर होती. गेम चालू असताना कार्डाचे पंखे फिरत नव्हते. आरएक्स ६६०० च्या बहुतेक कार्डांचे पंखे काम नसलं की थांबतात. भर गेममध्ये ते थांबलेले असतील तर कार्डाला काम मिळतच नाही. एचडीएमआय केबल कार्डाऐवजी मदरबोर्डात खोचलेली होती. ५६००जी मध्ये स्वतःचे ग्राफिक्स असतात आणि बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ते चालू होते, त्यामुळे स्क्रीन उजळला आणि कुणाला शंका आली नाही. साध्या ५६०० मध्ये ते नसतात. तो असता तर स्क्रीन काळाच राहिला असता आणि चूक दोन मिनिटांत सापडली असती.

त्यात आतले ग्राफिक्स रॅमच वापरतात, आणि स्टिक एकच असली की रॅमच्या दोन चॅनेलपैकी, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी, एकच चालते. शिवाय ३२०० वेगाची ती स्टिक २४०० वर चालत होती, कारण बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग, चालू केलं नव्हतं. विंडोज मॉनिटरला ६० हर्ट्झवरच चालवत होतं. म्हणजे चार चुका, आणि दोष सगळा पीसीच्या माथी. केबल कार्डात लावली, दुसरी स्टिक घातली, दोन सेटिंग बदलल्या. तोच गेम शंभराच्या वर गेला.

तुलना करण्याआधी हे एवढं बघाच. केबल मागच्या आडव्या खाचांमध्ये, म्हणजे कार्डात असावी. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा; परफॉर्मन्समध्ये मेमरीचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. दोन स्टिक असतील आणि बोर्डावर चार स्लॉट असतील, तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. मग बायोसमध्ये एक्सएमपी. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधून ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे मॉनिटरचे हर्ट्झ. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि ते टाळायला कुठलंही कारण पुरेसं नाही.

कार्ड घ्यायचंच असेल तर ५६००जी घेऊ नका. त्यात एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी असते, ५६०० मध्ये ३२. शिवाय कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या पीसीआयई वाटेत तो जुन्या ३.० पिढीवर थांबतो, आणि आरएक्स ६६०० तिच्या आठच लेन वापरतं, म्हणजे वाट आणखी अरुंद.

अल्ट्रा सेटिंगवर तुलना

कन्सोलवरचा गेम पीसीच्या भाषेत सहसा मध्यम आणि हायच्या मिश्रणावर चालतो, आणि परफॉर्मन्स मोडमध्ये रिझोल्यूशन खाली आणून ६० फ्रेम गाठतो. पीसीवर सगळं अल्ट्रा, म्हणजे सर्वांत वरच्या सेटिंगवर, करून ‘बघ, मागे पडला’ म्हणणं बरोबर नाही. सावल्या आणि रिफ्लेक्शन मध्यमवर आणा, अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणं) लावा, मग बघा.

सरासरी फ्रेमवर विसंबणं

६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक चित्र. मधूनच एखादं ५० मिलिसेकंदांना आलं तर हाताला झटका जाणवतो, सरासरीत मात्र तो दिसत नाही. एकच प्रसंग तीनदा खेळा आणि पहिली फेरी सोडून द्या, कारण पीसीवर तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात.

टीव्हीच्या खोक्यावरचा ‘मोशन रेट २४०’

तो आकडा पॅनलचा, म्हणजे टीव्हीच्या पडद्याचा, खरा वेग नाही. कॉलेज रोडवर घ्या की ऑनलाइन, ‘पॅनल नेटिव्ह किती हर्ट्झ?’ एवढंच विचारा. ४के रिझोल्यूशनवर १२० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.१ चं पोर्ट लागतं, आणि बऱ्याच टीव्हींमध्ये सगळी पोर्टं तशी नसतात. टीव्हीचा गेम मोड चालू करायला विसरू नका.

वीज आणि यूपीएस

मध्यम पीसी ३०० वॅट आणि पीएस ५ २०० वॅट धरा. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला २७ आणि १८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर फरक ९० रुपये. पण ३० वॅटच्या मॉनिटरऐवजी १०० वॅटचा मोठा टीव्ही लावला, तर त्या ९० रुपयांतले साधारण ६३ तिथेच जातात. विजेवरून निर्णय घेऊ नका. यूपीएस मात्र जपून घ्या: ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅटच देतो, पीसी आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो. १ केव्हीएचा घ्या. कॅबिनेटबरोबर मिळणारा बिननावाचा एसएमपीएस अजिबात नको. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) ५५० वॅट पुरे.

सेकंडहँड कार्डाने रकाना हलका करणं

चालेल, पण बघून. मूळ बिल मागा, कार्डावरचा सिरीयल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा, आणि विकणाऱ्याच्याच मशीनवर अर्धा तास जड गेम चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज बघा. हे करू द्यायला तो तयार नसेल तर पैसे खिशात ठेवून परत या.