लॅपटॉपचा पंखा अखेर शांत झाला

ब्राउझरच्या दोन-चार टॅब उघडल्या तरी लॅपटॉपचा पंखा घोंघावायचा आणि कीबोर्डची वरची बाजू चटके द्यायची. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर निवांत दिसत होता, म्हणजे दोष हवेच्या वाटेत. लॅपटॉप बंद करून मागचं झाकण उघडलं, आधी बॅटरीची पिन काढली. पंखा वरून स्वच्छ होता. पण तो सोडवल्यावर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पात्यांवर गादीतल्या कापसासारखा धुळीचा थर सापडला. चिमट्याने अख्खा निघाला. नुसती हवा मारून तो हलत नाही. मारायचीच तर पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जाऊ शकतं. हीटसिंक काढलंच होतं, म्हणून वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून थेंबभर नवी लावली. पूर्वी ९५ अंशांपर्यंत चढणारं तापमान त्याच कामाला आता ७० च्या आसपास राहतं.