लेसिथिनपासून लिपोसोम: गोव्याच्या दमट हवेत

लिपोसोम म्हणजे दुपदरी पडद्याच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या; इथे त्या सोयाबीनमधल्या लेसिथिन या स्निग्ध पदार्थापासून करायच्या आहेत. फ्रीजरमधली शुद्ध सोया लेसिथिनची बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. पणजी-मडगावच्या पावसाळी हवेत थंड पावडरीवर लगेच दव धरतं, ती चिकट होते आणि वजन चुकतं.

१०० मिग्रॅ लेसिथिन आणि २० मिग्रॅ कोलेस्टेरॉल ५ मिली निर्जल इथेनॉलमध्ये कोमट करून विरघळवा. ५० मिली फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं क्षारांचं पाणी) ४० अंशांवर चुंबकीय ढवळणीवर जोरात फिरू द्या. बारीक सुईचं टोक पाण्याखाली ठेवून मिनिटाला १ मिली द्रावण सोडा. निळसर झाक आली की समजा, जमलं.

लिपोसोम गोल का होतात? इथेनॉल पातळ होताच लेसिथिनचे रेणू पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत, पाण्यात रमणारी डोकी बाहेर ठेवून दुपदरी चकत्या बनवतात. चकतीच्या कडेला मात्र शेपट्या पाण्याला उघड्या पडतात. चकती वाढते तशी ही कड ऊर्जेच्या हिशेबात महाग पडते. वाकून मिटणं स्वस्त. मिटली की कडच उरत नाही.

दुधाळ गढूळपणा किंवा गुठळ्या दिसल्या तर बहुधा द्रावण घाईने सोडलेलं असतं किंवा ढवळणं मंद असतं. किराणा दर्जाचं लेसिथिन टाळाच, त्यातल्या तेलाचे थेंब लिपोसोममध्ये मिसळतात. बफर डिस्टिल्ड पाण्यातच करा. उरलेलं इथेनॉल डायलिसिसने (फक्त लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या पिशवीतून) काढा, मग ४ अंशांवर ठेवा. गोठवलंत तर बर्फाचे स्फटिक पडदा फोडतात.